प्रज्ञाचं यंदाचं तिकीट

अवो प्रज्ञाचे बाबा,

जय भीम.

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी लय बोलून राह्यली, पण कागद आज पहिल्यांदा घेतला. कारणच तसं झालं. आज सकाळी पोरीच्या तिकिटाचा निकाल लागला. या घरात तिकिटाचा निकाल तुम्हाले न विचारता कधी लागला होता का? मग सांगायले नको का तुम्हाले?

आधीच सांगून ठेवते, मधातच ओरडायचं नाही. पूर्ण वाचा, मग काय ओरडायचं ते ओरडा.

पोळा झाला की तुमचा सीझन सुरू व्हायचा, आठवते? लोकायचं लक्ष कापसाच्या बोंडाकडे आणि तुमचं टोरांटोच्या विमानाकडे. अख्खी नोकरी पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या लावण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर तुम्ही विमानं लावायले बसले! व्हरांड्यात खुर्ची, चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. आणि मधूनच तो स्टँडवरचा माइकचा आवाज काढायचा, "टोरांटोहून दोहा-मुंबईमार्गे नागपूरले जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे!" शेजारची मंदा तिच्या ओट्यावर हसून हसून लोळायची. मी आतून ओरडायची, "चहा थंडा होऊन राह्यला कंट्रोलर साहेब!"

पोरगी तिथं टोरांटोत कॉम्प्युटरवर मोठमोठ्या कंपन्यायचं काम करते. तिकीट काढणं तिच्यासाठी अंगठ्याचं काम. तरी दर वर्षी ती तुम्हालेच विचारायची, "बाबा, यंदा कोणत्या विमानानं येऊ? कधी काढू?" आणि तुम्ही अशे फुलायचे! दोन दिवस तर नुसता विचार करायचे. मले म्हणायचे, "घाई करायची नाही विमल, घाईनं माणूस फसते."

काय काय नियम होते तुमचे! दोन वेगवेगळ्या कंपन्यायची तिकिटं जोडायची नाही, अख्खा प्रवास एकाच तिकिटावर पाह्यजे. का, तर आपल्या डेपोची गाडी असली तर मागून येणाऱ्या पॅसेंजरसाठी थांबते, दुसऱ्या डेपोची कायले थांबन? पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय त्यायनंच लावली पाह्यजे. मधला थांबा तासाभराचा नको, लेकराले घेऊन पळता येत नाही. फार मोठाही नको, लेकरू बाकड्यावर झोपते. युरोपातून येत असन तर मधल्या विमानतळाचा व्हिसा लागते का ते आधी पाहा. शुक्रवारी निघायचं नाही, मंगळवार-बुधवार पाहायचा. हे सगळं तुम्हाले कोणी शिकवलं हो? विमानात तर तुम्ही जन्मात बसले नाही.

आणि नागपूर की हैदराबाद, यावरून तर तुमची आणि पोरीची दर वर्षी लढाई! ती म्हणायची, हैदराबादले उतरली तर एक विमान कमी बदलावं लागते. तुम्ही म्हणायचे, "अन् मग हायवेनं आदिलाबादवरून रातभर गाडीत हाडं मोडत येशील? नागपूरले उतर. मी घ्यायले येतो, नाश्त्याले घरी." शेवटी नागपूरच व्हायचं. तुम्ही रात्रीच जाऊन बसायचे आणि सकाळी मिनूले, आपल्या नातीले, कडेवर घेऊन गाडीतून उतरायचे. काय तो तुमचा चेहरा! तुम्हीच टोरांटोहून आले असं वाटायचं.

पण तुमचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे, "थांब." पोरीनं पोळ्याले विचारलं, "घेऊ का बाबा?" तुम्ही म्हणायचे, "थांब, भाव उतरतीन." दसऱ्याले विचारलं, "थांब. दसऱ्याच्या गर्दीत कोणी तिकीट घेते का?" असं करत करत दिवाळी उलटायची. मी चिडायची, तर तुम्ही स्टँडाबाहेरच्या काळ्या-पिवळ्यायचं उदाहरण द्यायचे. तो जीपवाला कसा आधी पूर्ण पैसे मागते, आणि जीप निघायची वेळ झाली की "एक सीट, एक सीट" ओरडत अर्ध्यात बसवते. "रिकामी सीट घेऊन जायले कोणालेच परवडत नाही विमल. विमानवाल्यालेही नाही." मले पटायचं. तुम्ही बोललं आणि मले पटलं नाही असं फार कमी झालं, आणि जवा नाही पटलं तवा मी बोलून दाखवलंच!

दिवाळीचा फराळ संपला की एका रविवारी, पोरगी व्हिडिओवर असताना, तुम्ही चष्मा नाकावर ओढून हुकूम सोडायचे, "घे आता." आणि ती म्हणायची, "घेतलं बाबा! लय स्वस्त पडलं." मग दोन दिवस तुमचे पाय जमिनीवर नसायचे. बाजारात भेटन त्याले सांगायचे की पोरीचं तिकीट कसं नेमक्या टायमावर घेतलं.

मग ते डिसेंबरचे दिवस! हुरडा, तुरीच्या शेंगा, संत्र्याचा ढीग, मिनूच्या ओठाले लागलेलं भरीत. ती तुमच्यासंग स्टँडवर जायची आणि तुमच्या जुन्या लोकायनं एकदा तिले माइक दिलता. तिनं तिच्या बोबड्या बोलीत मुकुटबनची गाडी लावली! माह्या माहेरची गाडी! तुम्ही घरी येऊन मले ते दहा वेळा सांगितलं. तुम्ही सुद्धा मुकुटबनची गाडी पुकारायचे तर आवाजात साखर यायची, हे मले लग्नाआधीपासून माहीत आहे. मी तवा त्या स्टँडवर उभी राहायची ना, पिशवी घेऊन. तुम्ही केबिनमधून बाहेर येऊन खिडकीतून रुमाल टाकून माह्यासाठी जागा धरून ठेवली होती. कंट्रोलरनं पॅसेंजरची जागा धरायची असते का? कोणत्या नियमात बसते ते?

पोरीनं आपल्याले तिकडं किती वेळा बोलावलं! तुम्ही म्हणायचे, "उतरू दे भाव." तिच्या येण्याचे भाव उतरायचे, आपल्या जाण्याचे कधीच उतरले नाही. आता मले वाटते, तुम्ही भेत होते. खरं सांगा, भेत होते ना? एवढा मोठा माणूस विमानाले भेते हे सांगायची लाज वाटली असन. मले सांगितलं असतं तर मी काय हसली असती? हसलीच असती. पण हात धरून बसली असती हो तुमच्या बाजूले. मले लय जायचं होतं तुमच्यासंग.

उन्हाळ्यात तुम्ही गेले. पोरगी आली, तवा तिनं भाव पाह्यला नाही, थांबा पाह्यला नाही, वार पाह्यला नाही. भेटलं ते विमान धरून आली, तरी तुमचं तोंड तिले दिसलं नाही. विहारात भंतेजी वंदना म्हणत होते आणि ती माह्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, लहानपणी तापात पडायची तशी. मग सुट्टी संपली, गेली.

यंदा पोळा झाला. फोन आला नाही. म्हणजे फोन रोजच येते, पण तिकिटाचा विषय नाही. दसरा झाला. मीच विचारलं, "काहून वं, यंदा तिकिटाचं काय?" तर म्हणते, "पाहू आई, भाव लय वाढले आहे." मी म्हटलं, "तुझे बाबा असते तर म्हटले असते, थांब, उतरतीन."

ती हसली. आणि हसता हसता एकदम रडायले लागली. म्हणे, "आई, एक सांगू? मी कधीच थांबली नाही. पोळ्याच्या आधीच तिकीट घेऊन ठेवायची. डिसेंबरचे भाव दिवाळीनंतर उतरत नसतात, चढतात."

ऐकलं का कंट्रोलर साहेब? विमानवाले जीपवाल्याच्या उलटं करते! शेवटी येणारा अडलेला असते म्हणून त्याच्याकडूनच जास्त घेते. पोरीले पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिकीट खिशात ठेवून ती तुम्हाले तीन-तीन महिने "घेऊ का बाबा" विचारत राह्यली. का, तर तुमचा फोन त्या निमित्तानं दिवसाआड यायचा. "बाबा एरवी फोनवर 'जेवली का' च्या पुढं बोलत नव्हते आई," असं म्हणे.

मी रडू का हसू मले समजेना. आणि मग माह्या मनात आलं, तुम्ही तरी खरंच फसले होते का? तुम्ही "घे आता" म्हटलं की ती त्याच घडीले "घेतलं" म्हणायची. तिकीट काय माचिसची पेटी आहे, मागितली की हातात? रोज विमानं पाहणाऱ्या माणसाले चढलेले भाव दिसत नसतीन? तुम्ही तवा मिशीत हसायचे, ते मले आता आठवते. सांगा ना, कोण कोणाले खेळवत होतं? दोघं बापलेक मिळून मलेच खुळी बनवली की काय?

तर मी खुशीत म्हटलं, "म्हणजे यंदाही पोळ्याच्या आधीच घेऊन ठेवलं असशील, चोरटे!"

ती हळूच म्हणे, "यंदा नाही घेतलं आई."

या घरात येणं आता तिच्या मनातच नाही, हे मले तवा समजलं.

मग मी काय केलं? तुमचंच काम हाती घेतलं. तुमच्यासारखी फोन धरून बसली. विमानं पाह्यली, थांबे पाह्यले. दुसऱ्या दिवशी तिले सांगितलं, "बुधवारचं एक बरं आहे, मधात लेकराले पाय मोकळे करता येते." ती म्हणे, "हो आई, पाहते." तिसऱ्या दिवशी दुसरं सांगितलं. "हो आई." तुमच्या तोंडी ते सगळं शोभायचं हो. माह्या तोंडी नुसते भाव राह्यले, पोरगी काही हलेना.

आज सकाळी भाजी निवडत होती. दोघायची भाजी आणायची सवय सुटत नाही, निम्मी फेकावी लागते. तशीच उठली आणि तिले फोन लावला. म्हटलं, "प्रज्ञा, भाव-बीव काही सांगायचा नाही मले. मले तू पाह्यजे. मिनू पाह्यजे. तू ये."

तर ती म्हणे, "आई, एवढ्या वर्षांत तू मले 'ये' पहिल्यांदा म्हटलं."

खरंच हो! मी कधी म्हटलंच नव्हतं. तुम्ही बोलायचे, मी मागं उभी राहून "हो, हो" करायची. मले वाटायचं, तुमच्या "थांब" मधात माहं "ये" आलंच. पोरीले वाटायचं, आपण आलो की आईचं काम वाढते, आई दमून जाते. असं काही मनात घेऊन बसली होती वेडी!

मग ती खरं बोलली. "आई, त्या घरात बाबाशिवाय पाय ठेवायची हिंमत होत नाही मले."

मी म्हटलं, "मले तरी कुठं होते बाई? पण मी रोज ठेवून राह्यली. एकटीच. तू ये, दोघी मिळून ठेवू."

तिनं फोन चालू ठेवूनच तिकीट काढलं. आता ऐका आणि मन घट्ट करा. निघायचा वार शुक्रवार. मधला थांबा एवढासा, की मिनूले बखोटीले मारून पळावं लागन. आणि शाळेच्या सुट्टीच्या ऐन गर्दीतलं, म्हणजे महागातलं महाग! नागपूर सोडलं तर तुमचा एकही नियम पोरीनं ठेवला नाही. बोलते कशी, "बाबा असते तर मले झोडपलं असतं." मी म्हटलं, "झोडपू दे."

घ्यायले मीच जाणार आहे नागपूरले. मंदा म्हणे, संगं येते. मी म्हटलं, नको, माह्या पोरीले मी एकटी आणीन. गाडीतून मिनूले कडेवर घेऊन मी उतरीन. कंबर धरली तरी चालन.

तुम्हाले शब्द देते. पुढच्या वर्षापासून मी पोरीले "थांब" म्हणणार नाही, आणि ती विचारायची वाटही पाहणार नाही. पोळा येवो न येवो, मीच फोन लावून "ये" म्हणीन. मलेही तिकडं न्यायसाठी पासपोर्ट काढून द्यायचा तिचा बेत आहे, मी हो म्हटलं आहे. आजचं तिकीट केवढ्याचं पडलं ते मी पोरीले विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुमचीच,
विमल