टेम्पोला पिकअपचा पिस्टन

बापूजी,

तुम्ही होतात तोवर त्या एका गोष्टीची माफी मी मागितली नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आजही मागणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगीच आशा नको. पर्युषण संपलं, आज संवत्सरीचा दुसरा दिवस. सकाळपासून मोबाईलवर कमळं उमलतायत, जोडलेले हात दिसतायत, आणि प्रत्येक कमळाखाली तेच दोन शब्द: मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात कळत-नकळत मी दुखावलं असेल तर ते माझं वाईट फोल होवो. ज्याला मी ओळखतही नाही त्याने माझी माफी मागितली आहे, आणि ज्याने खरोखर मागायला हवी होती त्याने ती शंभर जणांबरोबर एकाच बोटाने उरकली आहे. मी सगळ्यांना उत्तरं दिली. त्यात काही जात नाही.

मंचरला हायवेवर खाली आपलं स्पेअर पार्टचं दुकान आणि वर घर. भरलेला ट्रक गेला की आईच्या मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या. तुमचा चौविहार, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि नेमकी तीच वेळ धंद्याची, कारण बाजार उरकून गाड्या परत निघायच्या आणि ज्याच्या गाडीला जे व्हायचं ते परतीच्या वाटेवरच व्हायचं. धर्म आणि धंदा यांची गाठ रोज संध्याकाळी आपल्या जिन्यात पडायची. तुम्ही जेवायला वर चढायचात, मी गल्ल्यावर बसायला खाली उतरायचे. भाऊ असता तर तो बसला असता, नव्हता म्हणून मी. पुढे लोक याला तुमचे पुरोगामी विचार म्हणाले. तुम्हाला भूक लागायची, इतकंच होतं ते.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षीची एक दुपार आठवते. तुम्ही तेलकट कागदातून दोन पिस्टन काढून काउंटरवर माझ्यासमोर ठेवता. एकाच कंपनीचं इंजिन, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एक, स्ट्रोक एक. हेच इंजिन पिकअपमध्ये बसतं आणि हेच मोठ्या टेम्पोत. एक लाईट, दुसरं हेवी. सांग, टेम्पोचा कुठला, असं तुम्ही विचारता आणि मी दोन्ही उचलून, फिरवून, उजेडाला धरून बघते. जुळी भावंडंही एवढी सारखी नसतात. तुम्ही म्हणता, डोळ्यांनी नाही, नख फिरव. वरच्या रिंगच्या खाचेत मी नख घालते. एकात ते मऊ अ‍ॅल्युमिनियमवरून सरकतं, दुसऱ्यात लोखंडावर कुरकुरतं. टेम्पोच्या पिस्टनमध्ये त्या खाचेत लोखंडाचं कडं ओतलेलं असतं. दिवसभर ओझं ओढून वरची रिंग तापते, आणि नुसतं अ‍ॅल्युमिनियम असलं तर ती आपलीच खाच खाऊन टाकते. मग तुम्ही बोलत सुटलात, आणि एरवी तुमच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लागायची. टेम्पोचा कनेक्टिंग रॉड जाड, रेडिएटर मोठा, ऑइल गार करायला वेगळी सोय, पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची पिचकारी. आणि एवढा शाही थाट करून हॉर्सपॉवर मात्र पिकअपपेक्षा कमी. मला वाटलं खोक्यावर छापताना चुकलं असेल. तुम्ही हसलात. पिकअपला मधूनच पळायचं असतं, म्हणून तिला मोकळी सोडतात. टेम्पोला सगळा दिवस ओढायचं असतं, म्हणून त्याला डिझेल मोजून देतात. हे गिऱ्हाइकाला काही केल्या पटत नाही, असंही म्हणालात. त्याला आकडा मोठा तेवढं इंजिन मोठं वाटतं.

आपल्या भागात तर मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून घेतले की मालक पिकअपला ट्रकच समजायला लागतो. पाट्यांनी गाडी मागून बसत नाही हे खरं, पण इंजिनला कोण सांगणार की बाबा, तुला बढती मिळालीय? ओतूरच्या रस्त्यावर आजही टोमॅटोचे क्रेट डोक्याच्या वर रचून अशा बढती मिळालेल्या पिकअप रडत चढताना दिसतात. यावरून माणसांबद्दल काहीतरी शहाणपणाचं लिहावं असा मोह मला पूर्वी व्हायचा. आता आवरते. पिस्टन पिस्टनच बरा.

मग तो श्रावण. पारगावकडचा एक टेम्पोवाला आला, पन्नाशीचा, टोपीचा मूळ रंग विसरलेला. खेडच्या घाटात त्याच्या टेम्पोने निळा धूर सोडला होता, मिस्त्रीने इंजिन उघडून ठेवलं होतं, आणि पिस्टनचा सेट त्याला आजच हवा होता. तुम्ही जेवून नुकतेच खाली आला होतात, मी अजून उठले नव्हते. टेम्पोचा सेट संपलेला. पुण्याहून मागवायचा म्हणजे आठवडा. तुम्ही रॅकवर हात फिरवलात. मग पिकअपचा खोका काढून त्याच्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, “बोअर एकच आहे. बसतो.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत यावर माझा अजूनही विश्वास आहे. विचारलं नाही ते सांगायचं नाही, एवढंच तुमचं व्रत. त्याने विचारलं असतं तर तुम्ही सगळं सांगितलं असतंत. पण काय विचारायचं हेच त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्याला माहीत नाही हे तुम्हाला माहीत होतं.

मी म्हणाले, “काका, हा पिकअपचा आहे. बसेल, पण तुमच्या ओझ्याला टिकायचा नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. “शेठ, पोरगी काय म्हंती?”

तुम्ही रॅककडे तोंड करून कसलेसे खोके सरळ करत राहिलात. मीच त्याला खाच दाखवली, कडं कुठं असायला हवं होतं ते सांगितलं. दुसरा कधी येईल म्हणून त्याने विचारलं, आठवडा लागेल म्हणाले. तो थोडा वेळ बोटाने काउंटरवर रेघा ओढत राहिला.

“आठ दिसांत बराखीतल्या कांद्याचं पानी व्हईल, ताई. द्या ह्योच. निम्माच माल भरीन, दिवाळीपस्तोर कसा बी चालवीन.”

तो सेट घेऊन गेला. तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि मग माझ्याकडे वळलात. तुमचा आवाज चढला नाही, तुमचा कधीच चढायचा नाही, तेच वाईट होतं. “तोच माल, तोच भाव, तोच माणूस. तुझ्या तोंड उघडण्यानं फरक काय पडला? मी लबाड ठरलो, तेवढाच.” मी म्हणाले, तो आता निम्मा भरणार आहे. तुम्ही म्हणालात, उद्यापासून खाली यायचं नाही. माफी मागशील तेव्हा ये.

पण मग तुम्ही जेवणार कधी? नोकरावर गल्ला सोडून वर यायचं तुमच्या स्वभावात नव्हतं. तुम्ही संध्याकाळचं जेवणच सोडलंत. दुपारी एकदा पान मांडायचं, बस. एकासन. पर्युषण तोंडावर आलेलं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. जैन स्थानकात व्याख्यानात तुमचं कौतुक झालं. धंदा सांभाळून एवढं तप, असं महाराजसाहेब म्हणाले. बायका आईला म्हणाल्या, भाग्यवान आहात. अख्ख्या समाजाने ज्याची अनुमोदना केली तो माझ्यावरचा राग होता. इतका सात्त्विक राग मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. आई रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या करायची, सूर्य मावळेपर्यंत झाकून ठेवायची आणि मग गाईला घालायची. मला म्हणायची, जा गं, दोन शब्द बोलून मोकळी हो, सगळे नुसते म्हणायचे म्हणूनच म्हणतात. मी म्हणायचे, म्हणूनच नाही.

एका संध्याकाळी तो टेम्पोवाला ऑइल घ्यायला आला. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे, खालचा शब्द न् शब्द वर यायचा. त्याने विचारलं, पोरगी कुठंय. तुम्ही म्हणालात, घरात. बोलवा की वाईच, तिला इचारायचंय. तुम्ही म्हणालात, मला विचारा. तो म्हणाला, “तुमी इचारलं तेवढंच सांगता, राव.” मी अशी हसले की आईने पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. खाली तुम्ही त्याला ऑइलचा डबा दिलात आणि, मी कान देऊन ऐकलं, न विचारता सांगितलंत की जास्त तापवू नका, घाटात मध्ये थांबा.

संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हात जोडून सगळीकडे फिरलात. हमालाला म्हणालात, समोरच्या दुकानदाराला म्हणालात, ज्याच्याशी वर्षभर तोंडाला तोंड नव्हतं. आईला म्हणालात. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. आधी लहानाने म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. तर तुम्हीच हात जोडलेत. ही लहान गोष्ट नव्हती, मला तेव्हाही कळत होतं.

“मिच्छामि दुक्कडम.”

मीही हात जोडले आणि विचारलं, “कशाबद्दल?”

“वर्षभरात कळत-नकळत जे काही...”

“नकळतचं सोडा, बापूजी. कळत काय ते सांगा.”

आईने पातेलं आपटलं. तुम्ही तिच्याकडे वळून पाहिलंत. मग म्हणालात, “पिस्टन बसत होता.”

“बसत होता. टिकणार नव्हता.”

तुम्ही जोडलेले हात सोडलेत आणि जिना उतरलात. माझे दोन शब्द माझ्याचपाशी राहिले. त्याच दिवशी ऊन कलल्यावर खालून हाक आली: “खाली ये, गिऱ्हाईक आहे.” पुढे काही नाही, मागे काही नाही. मी खाली आले, तुम्ही वर गेलात, आणि आईने गाईच्या वाट्याची भाकरी तुमच्या ताटात वाढली.

दिवाळीनंतर टेम्पोवाला त्याचा खरा सेट घेऊन गेला. निम्मा भरून त्याने ते दिवस काढले होते.  तोवर माझ्या ध्यानात आलं होतं की कुणी पिस्टन मागितला की तुम्ही रॅकला हात लावायच्या आधी विचारायला लागला होतात: गाडी कुठली, पिकअप का टेम्पो, आणि भरता किती? माझ्या चुलतभावाला दुकान सोपवलंत तेव्हा त्यालाही हेच पहिल्यांदा शिकवलंत. तो आजही ते वाक्य तुमचं म्हणून ऐटीत सांगतो. ज्या गुन्ह्यासाठी मला गल्ल्यावरून उठवलंत त्याचा तुम्ही दुकानाचा नियम केलात, आणि नियम मुळात कुणाचा ते कधी सांगितलं नाहीत. कुणी विचारलं नाही ना.

लग्न होऊन मी ओतूरला आले. दर वर्षी संवत्सरीनंतर तुम्ही एसटीने यायचात, चपला काढायच्या आत हात जोडायचात. मी विचारायचे, कशाबद्दल? तुम्ही म्हणायचात, पाणी आण आधी. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. म्हणायच्या, बापाची माफी मागायला हिची जीभ काय झिजते? झिजत नव्हती. त्याच जिभेने मी बाकी कितीतरी गोष्टींची तुमची माफी मागितली आहे: तुम्ही दवाखान्यात होतात आणि मी दोन दिवस उशिरा पोचले त्याची, मामांच्या तोंडावर त्यांच्या दानधर्माचा हिशेब विचारला त्याची, तुमची आवडती छत्री एसटीत विसरले त्याची. त्या खऱ्या चुका होत्या. बरोबर केलेल्याची माफी मागितली की खऱ्या माफीला कवडीची किंमत राहत नाही, आणि मला ती किंमत राखायची होती. आजही आहे. तो टेम्पोवाला पुन्हा समोर आला तर मी पुन्हा तोंड उघडीन, आणि या खेपेला तुम्ही खाली उतरायची वाटही बघणार नाही.

शेवटच्या वर्षी तुमचे गुडघे ऐकेनात, एसटी सुटली. तुम्ही फोन केलात. आवाज बारीक झाला होता. “मिच्छामि दुक्कडम,” म्हणालात, आणि मी ‘कशा’ म्हणायच्या आत फोन ठेवून दिलात. मी बराच वेळ हसत होते. म्हटलं, जिंकलात, पण एकाच वर्षापुरते. परत लावला नाही. पुढच्या वर्षी समोर बसवून विचारू. त्या थंडीत तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे जाणार नाही. काही घरांत असं काही लिहून फोटोपुढे ठेवतात म्हणे. आपल्या घरात ते जमायचं नाही, तुमच्या फोटोला न विचारलेलं सांगितलेलं कधी आवडायचं नाही. एक मात्र कबूल करते. माफी न मागायलासुद्धा समोर माणूस लागतो. आज दिवसभर सगळ्या कमळांना उत्तरं देऊन झाली. ज्याला उत्तर द्यायचं नव्हतं तेवढा एकच फोन आला नाही.