जावळ

वेस्ट मांबलम, चेन्नई
२० जून २००४

प्रिय अमोघ,

तुझं पत्र आल्यापासून फोन वाजला तरी मी दचकते. पेरुंगुडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी चिडले. श्रीलंकेत कँडीजवळच्या त्या विहारात ध्यानाला गेलास तेव्हाही चिडले. चिडलेलं बरं असतं रे, त्यात घाबरायला वेळ मिळत नाही. पण कायमचं भिक्षू व्हायचंय, परवानगी द्या, हे वाचलं आणि चिडताही येईना.

तुझ्या खोलीतलं ते जाड पुस्तक घेऊन बसले. दुःख आहे, हे मला बुद्धाने सांगायला नको होतं. त्याचं मूळ आसक्ती, तेही पटलं. खरं बोल, कुणाला दुखवू नकोस, मन जागेवर ठेव, हा त्यांचा मार्ग तर मी तुला शाळेत असल्यापासून सांगतेय. तेव्हा कुठे ऐकलंस! पण पुढे लिहिलंय, आसक्ती सुटली की दुःख संपतं, तेच निर्वाण. तिथे पुस्तक मिटलं. तुझी सगळ्यात जुनी आसक्ती मीच की! मग तुला माझ्यापासूनच सुटायचंय का?

बाबांचं वेगळंच. तू मुंडण करणार हेच त्यांना सोसवत नाही. आपल्यात मुलगा मुंडण करतो ते बाप गेल्यावर. काल म्हणाले, मी अजून आहे ना गं इथे, आणि हसत स्वतःची नाडी चाचपली. मला हसू आलं नाही. हल्ली सकाळी कॉफीचं डिकॉक्शन टाकण्याआधी मी त्यांचा श्वास ऐकून येते.

आईवडिलांच्या होकाराशिवाय दीक्षा नाही, हे वाचून मात्र हायसं वाटलं. मुलगा घर सोडून गेला, मग नातूही गेला, तेव्हा बुद्धाच्या वडिलांनीच हा नियम मागून घेतला म्हणे. त्या म्हाताऱ्या राजाला मी मनात नमस्कार केला. नाही म्हटलं की तू येशील, हे मला माहीत आहे. येशील, नोकरी धरशील, वाढलेलं निमूट जेवशील आणि माझ्यासमोर नुसता बसून राहशील. त्या बसण्याची तर मला आणखीच भीती वाटली.

केस, नखं, दात, त्वचा यांवर तुम्हाला ध्यान करायला देतात, असं तू लिहिलंस. अरे, तुझी नखं मी तू झोपल्यावर कापायची आणि तुझा पहिला दात मला दूध पाजताना लागला. तुझं जावळ काढलं तेव्हा कल्पनाआत्याने पदर पसरला होता, एकही केस खाली पडू दिला नाही. तू इतका आकांत केलास की मी घाबरून आतल्या खोलीत पळाले. बाबांना तेच म्हटलं, हे मुंडण नव्हे, जावळ समजा. त्यांनी चष्मा लावला. मग पेन मागितलं.

म्हणून हे पत्र. आमची परवानगी आहे. खाली बाबांची सही आहे, जरा वाकडी आली आहे. भीती गेली म्हणून देतेय असं समजू नकोस; भीतीसकट दिलेली चालते का, ते तुझ्या गुरुजींना विचार. फक्त आम्ही येईपर्यंत थांब. या वेळी मी आत पळणार नाही. पदर मी धरीन.

तोवर तरी तुझीच,
आई