खळ्यावर मोटार

मु. भातकुली, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, सन १९४९

तीर्थरूप भगवंतदादांस धाकट्या बहिणीचा, वच्छलेचा दंडवत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

परवा सकाळी सडा टाकला, म्हशीची धार काढली, भाकरी थापल्या, आत्याबाईंच्या डोळ्यात औषध घातलं. मग मोटार सुरू केली, तर ती नुसती ओरडली आणि हलली मुंगीइतकी. (शेजारच्या गंगूबाईची सूनही अशीच आहे, पण ते असो.) लढाईनंतर लिलावात घेतलेली ही जुनी अमेरिकन गाडी, क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, म्हणूनच ह्यांनी मला शिकवली. ऑपरेशन झाल्यापासून आत्याबाईंना दर आठवड्याला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि डॉक्टरांनी बैलगाडीचे हादरे बंद सांगितले आहेत. गाडी गेली की त्यांचं जाणं गेलं.

धाकटे दीर जानराव आले. बंद गाडीतली सतरंजी उचलून त्यांनी गिअरचं तेल मोजायची कांडी काढली. "वयनी, तेल त भरपूर हाये. म्हंजे मशीनच मेली. इकून टाका. भगवंतदादानं अकोटचं गिऱ्हाईक पायलं हाये." (हे मला जानरावांकडून कळावं, दादा?)

तीन वर्षं मी ह्यांच्याजवळ उभी राहून ती कांडी पुसायची चिंधी धरली, पण कांडीकडे कधी पाहिलं नाही. वाटायचं, पाहणारा आहे. आता तो राहिला नाही. त्या दुपारी गाडीचं पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजी, पण चित्राशेजारी ह्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालूच, बंद इंजिनात तेल खोटं चढून दिसतं. चहा थंड झाला. तसाच प्यायले.

आता आमच्या काळ्या मातीत सपाट जागा कुठली? ती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. परातीत पाणी घेऊन अंगणभर फिरले. पाणी दर ठिकाणी एका काठाला पळालं. राहिलं ज्वारीचं खळं, सारवून टणक झालेलं. गाडी कशीबशी सरकवत तिथवर आणली, तर जानराव आडवे आले.

"खळ्यात जोडे घालून कोनी जाते काय, वयनी?"

"मी त अनवानी हावो, भाऊजी."

"अन् हे चार?" त्यांनी टायरांकडे बोट केलं.

टायर काही काढता येत नव्हते. चारही धुतले, पोत्यानं पुसले. मग इंजिन तापवायला तिवड्याभोवती (बैल ज्याभोवती फिरतात तो मधला खांब) फेरे घातले. आमचा सालदार चंद्रभान ओरडला, "बाई, कनसं टाकू काय खाली? फेरे फुकट काहून जाऊ द्याचे!"

इंजिन चालू ठेवून कांडी काढली. तेल खुणेच्या कितीतरी खाली. जानरावांनी स्वतः दोनदा पुसून पाहिली, आणि मग ते तिवड्याकडेच पाहत राहिले. ह्यांच्या डब्यातलं तेल मी थोडं थोडं ओतलं, दर वेळी पुसून पाहिलं, खुणेला आल्यावर थांबले. मी पाय दाबल्याबरोबर गाडीनं खळं सोडलं.

म्हैस रेकते आहे, म्हणून थांबते.
आपली वच्छला

ता.क. गिऱ्हाईक आणू नका. तुम्ही मात्र या, वांग्याची भाजी करीन.

आणखी ता.क. येताना अकोल्याहून त्याच तेलाचे दोन डबे आणा. गाडी कुठूनतरी गळते आहे, हे जानरावांना सांगितलेलं नाही. डब्यावरचं इंग्रजी नाव मागे उतरवलं आहे. अक्षरं चित्रासारखी काढली आहेत, तरी दुकानदाराला कळतील.

शेवटचा ता.क. पत्र लिहून झालं तोवर टपाल निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना मागे बसवून गाडी अमरावतीला नेली.