मशीनचा ताल

धाकट्या,

तू गेल्यावर काल आम्ही पहिल्यांदा पबमध्ये वाजवलं. कार्यक्रम तुझ्या अपघाताआधीच ठरला होता. मी नको म्हणत होतो, पण गायक म्हणाला, "दुसरा ड्रमर मिळेपर्यंत ड्रमचा ताल देणारं मशीन लावू."

तुझ्या जागी एका स्टुलावर ते मशीन ठेवलं. मी बास गिटार गळ्यात अडकवली आणि सवयीने तिकडे बघितलं. गाणं रंगात आलं की तू हमखास घाई करायचास, आणि मी बासवर संथ ठेका धरून तुला लयीत मागे खेचायचो. काल खेचायला कुणी नव्हतंच. मशीन शेवटपर्यंत लयीतून जराही ढळलं नाही. लोक नाचले. तू कुठे आहेस, असं कुणी विचारलंही नाही.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा पबमालक जवळ आला. "राग मानू नका," तो हळूच म्हणाला, "पण इतकं छान तुम्ही आजवर वाजवलं नव्हतं."

खरंच होतं रे ते.

घरी आई जेवायची थांबली होती. हल्ली ती दोन घास खाऊन उठते. माझ्या ताटात वाढता वाढता तिने विचारलं, "जमलं का रे त्याच्याशिवाय?"

"नाही, आई. सगळा विचका झाला. लोक मध्येच उठून गेले."

"जाणारच," ती म्हणाली, आणि तिने स्वतःचं ताट पुढे ओढलं. काल ती पोटभर जेवली.

शनिवारी पुन्हा वाजवायचं आहे. तिला पुन्हा हेच सांगेन.

तुझा,
दादा