धाकटीच्या घोडीचा कान

४ मे, रविवार
आईनं धाकटीची घोडी काढून दिली. प्लॅस्टिकची, वीतभर, गुलाबी. म्हणाली, मागचा पाय निखळलाय, तेवढा चिकटव. धाकटी गेली त्याला अडतीस वर्षं झाली. ती चार वर्षांची होती, मी आठ. नुसतं चिकटवण्यात काय कला? मी हिला चौखूर उधळणारी करणार. तीन व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. आठवड्यात तयार.

५ मे
बायको म्हणाली, तुला पाय चिकटवायला सांगितलाय, घोडी घडवायला नाही. दुर्लक्ष केलं. हेअर ड्रायरनं मान गरम केली, वळवली, गार पाण्यात धरली. झकास. खिडकीत वाळत ठेवली.

६ मे, दुपारी
मान पुन्हा जुन्या जागी. दाराकडे बघतेय. धाकटी तिला तशीच ठेवायची. दादा शाळेतून आला की घोडीला आधी दिसावा म्हणून. बायकोनं हात लावला असणार. ती म्हणते, मला तेवढाच उद्योग आहे.

७ मे
पुन्हा वळवली. पुन्हा दाराकडे. खेळण्यांच्या दुकानातले काका म्हणाले, प्लॅस्टिकला मूळ आकार आठवतो रे, ऊन लागलं की जातं परत. म्हणजे शास्त्र आहे.
धाकटीला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी मैदानावर खेळत राहिलो होतो. घरी उशिरा आलो. याचा घोडीशी काही संबंध नाही.
घोडी कपाटात ठेवून कडी लावली. धूळ बसू नये म्हणून.

९ मे
मानेत तार घातली. आता वळून दाखव म्हणावं. पायही तापवले, पुढचा एक जरा जास्तच. उधळण्याऐवजी बसायच्या बेतात दिसते. बसलेली पोझ जास्त कलात्मक असते. निखळलेला पाय डबीत आहे. तो शेवटी.

११ मे
आईनं तिसऱ्यांदा विचारलं. चांगल्या कामाला उशीर होतोच.
डाव्या कानाचं टोक कुरतडलेलं आहे. धाकटी दिसेल ते चावायची. टोक कापून टाकलं, भेगा बुजवायच्या पुट्टीचा नवा कान केला, पॉलिश पेपरनं गुळगुळीत घासला. आजवरचं माझं सर्वोत्तम काम.

१३ मे
रंग दिला. तीन छटा. बायको हळूच म्हणाली, अरे, आईंना हल्ली रंग कुठे दिसतात?

१४ मे
आईला दिली. तिनं पाठ चाचपली, आयाळ चाचपली. मग अंगठा डाव्या कानावर गेला आणि तिथेच फिरत राहिला. मी सांगितलं, नवा केलाय. म्हणाली, हो रे, छानच झालाय. थोड्या वेळानं विचारलं, जुना तुकडा ठेवलायस ना?
कचरा परवाच गेला.
म्हटलं, बघतो.

१५ मे
घोडी आईकडून परत आणली, तार काढून उन्हात ठेवली. मान गेली दाराकडे. जाऊ दे. डबीतला पाय राहूनच गेला होता, तो चिकटवला.
कान काढून नवी पुट्टी लावली. ओली होती तेव्हाच, घरात कुणी नाही बघून, चावून पाहिलं.
माझे दात फार मोठे आहेत.