परतीचा भाग पुढच्या अपडेटमध्ये

४ फेब्रुवारी २०२६, बुधवार

चौदा महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल माफी. कुणाची मागते आहे ते ठरवता येत नाही, पण मागितल्याशिवाय पुढे लिहवत नाही. आई गेल्यानंतर लिहायला बसले की तिच्या औषधांच्या वेळाच हाताखालून उतरत, म्हणून वही मिटून ठेवली होती.

आज नव्या जागी आले आणि फार बरं वाटतंय. वाशीमहून मानोऱ्यापर्यंत बस, तिथून घरमालक किसनसिंगच्या मोटरसायकलवर. माझी बॅग त्याने टाकीवर आडवी धरली होती. पोहरादेवीच्या अलीकडचा हा बंजारा तांडा. खोलीला नुकताच चुना दिलाय, खिडकीसमोर हरभऱ्याचं शेत आहे आणि त्यापलीकडे मोबाइलचा टॉवर. नेटवर्क माझ्या अकोल्याच्या घरापेक्षा चांगलं. माझ्या कामाला एवढंच लागतं.

घरात तीन माणसं. किसनसिंग, त्याची आई नानीबाई आणि वडील गोविंदसिंग. किसनसिंगची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे. नानीबाई सत्तरीच्या. तांड्यात जुना वेश अंगावर असलेल्या आता दोघी-तिघीच उरल्यात, त्यांतल्या त्या एक. डोक्यावर आरशांची ओढणी, कानांशी केसांत गुंफलेली चांदीची घुगरी, गळ्यात हासळी आणि नाण्यांची माळ, दंडापर्यंत पांढरे बलिया म्हणजे बांगड्या, पायांत वाळे. चालल्या की बारीक किणकिण होते. मला ती दिवसभर ऐकत राहावीशी वाटली.

६ फेब्रुवारी

कामाबद्दल लिहून ठेवते. इतिहास शिकवणारी बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी मोबाइलच्या खेळासाठी संवाद लिहिते, याची मला अजून थोडी लाज वाटते. वाटू नये.

पुण्याच्या कंपनीचा हा खेळ आहे. नव्या प्रकरणाची कथा मेसोपोटेमियातली. इनान्ना नावाची देवी पाताळात उतरते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दारात दरवान तिच्या अंगावरची एक वस्तू मागून घेतो. सातव्या दारापलीकडे ती उरतच नाही. तिला परत यायचं तर तिच्या जागी दुसरं माणूस खाली द्यावं लागतं. मूळ कथेत ती नवऱ्याला देते, कारण ती मेलेली असताना तो मजेत बसलेला सापडतो.

हे सगळं मराठीत, इकडच्या बोलीच्या वळणाने हवं आहे. चार हजार वर्षांपूर्वीचे अलंकार माझ्या कागदावर अगदी निर्जीव वाटत होते. मग मी देवीच्या अंगावर नानीबाईंचे दागिने चढवले. पहिल्या दारात ओढणी, मग घुगरी, हासळी, माळ, बलिया, वाळे. सातव्या दारात मूळ कथेत वस्त्र जातं. नानीबाईंच्या तोंडी ते देणं मला अशोभनीय वाटलं, म्हणून तिथे वस्त्राऐवजी नाव घातलं. स्वतःच्या सभ्यतेवर जरा खूशही झाले.

कारण कच्चा आवाज नानीबाईच देणार आहेत. पक्का आवाज नंतर पुण्यात कुणी नटी देईल. नानीबाईंना वाचता येत नाही. मी ओळ सांगायची, त्यांनी मोबाइलसमोर म्हणायची.

पण ‘मी इनान्ना’ असं म्हणायला त्या तयारच होईनात. देवासमोर असो की कुणाच्या उंबऱ्यावर, आपण कोण, कुणाची, ते खरं सांगायचं ही यांची रीत. म्हणाल्या, "दारावर उभं राह्यलं की आपलंच नाव सांगा लागते बाई. दुसऱ्याचं सांगून आत गेलं त बाहेर कोण येईन?"

कच्चंच रेकॉर्डिंग आहे म्हणून मी मान्य केलं. आता प्रत्येक दाराशी त्या म्हणतात, "मी नानी, गोविंदसिंगची बायको. दार उघड." कागदावरच्या देवीपेक्षा शंभरपट चांगलं वाटतं. बाजेवरून गोविंदसिंगबाबा म्हणाले, म्हातारी आता मोबाइलात बोलून राह्यली, नवी नवरी झाली. नानीबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुमच्यासंगं पन्नास वर्सं बोलून काय भेटलं?"

९ फेब्रुवारी

काल पहिले दोन दरवाजे झाले, फाइली पुण्याला पाठवल्या. दरवानाच्या वाक्यासाठी चार-चार सेकंद जागा सोडली. ते वाक्य मी आईच्या ऑपरेशनवरून घेतलंय, हे इथे कबूल करते. थिएटरच्या दाराशी सिस्टरने तिच्या पाटल्या उतरवायला लावल्या आणि म्हणाली, हे इथंच ठेवा, आतला नियम आहे. आईने माझ्याकडे पाहिलं होतं. मी म्हणाले, काढ.

आज दुपारी अमानचा फोन. तो कंपनीत आवाजाचं काम करतो, मूळचा वाशीमचा. त्याने विचारलं, "ताई, दरवान कोण पकडला? विहिरीतून बोलून राह्यला असा आवाज हाय त्याचा."

मी दरवानाचं वाक्य अजून कुणाकडूनच म्हणवून घेतलेलं नाही. त्याला लिहूनही पाठवलेलं नाही.

फाइल ऐकली. मी सोडलेल्या चार सेकंदांत एक पुरुष शांतपणे म्हणतो, "हे इथंच ठेव. आतला नियम आहे."

किसनसिंगने किंवा बाबांनी गंमत केली असेल. पण रेकॉर्डिंगच्या वेळी दोघेही शेतात होते. मीच हळू आवाजात म्हणाले असेन का? तीनदा ऐकलं. माझा आवाज नाही.

नानीबाईंच्या डोक्यावर आज ओढणी नव्हती. परक्या बाईसमोर उघड्या डोक्याने त्या कधी येत नाहीत. मी विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ठेवली न बाई. त्यानं मांगतली."

११ फेब्रुवारी

घुगरी गेली. कानांशी केस नुसतेच लोंबतात.

किसनसिंग दाराबाहेरच उभा राहिला आणि जमिनीकडे बघत बोलला. मॅडम, राग नका मानू, पण मायची घुगरी तुमच्याजवळ त नाही राह्यली, फोटोसाठी? मीच त्याला आत बोलावलं आणि कपाट, बॅग, गादी सगळं दाखवलं. तो शरमला. जाताना सांगितलं की यांच्यात घुगरी नवरा गेल्यावरच उतरवतात. बाप बाजेवर बसून चहा पिऊन राह्यला अन् मायनं घुगरी काढली, तांड्यात लोक काय म्हणतीन.

आणि मी काल तिसरा दरवाजाही रेकॉर्ड केला होता. शंका आलेली असताना केला. तारीख जवळ आली होती म्हणून. हे लिहायलाच हवं.

१२ फेब्रुवारी

हासळी गेली.

अमानने तपासणीसाठी खेळाची नवी प्रत पाठवली. मोबाइलवर उघडली. पहिल्या दाराच्या कोनाड्यात आरशांची ओढणी घडी घालून ठेवलेली. दुसऱ्यात घुगरी, उजव्या बाजूचं एक घुंगरू तुटलेलं. नानीबाईंच्या घुगरीचंही तेच तुटलेलं होतं. तिसऱ्यात हासळी. पुढचे चार कोनाडे रिकामे, पण दिवे लागलेले.

अमान म्हणतो, चित्रकाराला मीच फोटो पाठवले. मी एकही फोटो काढलेला नाही. पाठवलेल्या मेलची यादी दोनदा तपासली.

१४ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग बंद केलं. सगळ्या फाइली पुसल्या. वाटलं, संपलं.

सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, नानीबाई चुलीमागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. "मी नानी, गोविंदसिंगची बायको. दार उघड." मग चार सेकंद थांबल्या. मी मोजले. मग हात मानेमागे नेला, नाण्यांची माळ सोडली आणि पुढे धरली. माझी नजर हटली नाही याची मी शपथ घेऊ शकते. हात रिकामा खाली आला.

त्यांना खांद्याला धरून हलवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखायला वेळ लागला.

१५ फेब्रुवारी

किसनसिंग त्यांना वाशीमला डॉक्टरकडे घेऊन गेला. तपासण्या ठीक. वय झालं म्हणाले. परत आल्या तेव्हा बलिया नव्हते. जिथे पन्नास वर्षं ऊन लागलं नव्हतं तिथे दंडावर पांढरे पट्टे.

किसनसिंगला सगळं सांगितलं. मोबाइल, दरवान, कोनाडे, सगळं. त्याने मायच्या उघड्या दंडांवर शाल टाकली. मग एवढंच म्हणाला, "तुमीच पाठवलं न मॅडम तिले? मंग तुमीच आना."

१६ फेब्रुवारी

देवी परत येते. कथेत ती येतेच. परतीचे सात दरवाजे कुठे आहेत ते कंपनीला विचारलं. उत्तर आलं की हे प्रकरण सातव्या दारापाशी संपतं, परतीचा भाग पुढच्या अपडेटमध्ये, ऑगस्टमध्ये.

म्हणजे खाली गेलेल्याला वर यायला वाटच लिहिलेली नाही.

वाळे गेले. त्या चालल्या की आता आवाज येत नाही. मागे कधी येऊन उभ्या राहतात कळत नाही.

१७ फेब्रुवारी

परतीचा भाग मीच लिहायला घेतला. दरवाजे उलट क्रमाने, वस्तू परत हातात. पण पाताळाची राणी बदल्यात माणूस मागते. ते टाळून लिहिलं. जेवून आले तर तेवढाच परिच्छेद कोरा. पुन्हा लिहिलं, पुन्हा कोरा. शेवटी मागणी ठेवली आणि नावाची जागा मोकळी सोडली.

चहा करून आले. मोकळ्या जागेत ‘गोविंदसिंग’.

अंगणात बाबा नवं धोतर नेसून बाजेवर बसले होते, मोबाइलवर भजन लावून, मांडीवर ताल धरत. बायको दारात उघड्या डोक्याने उभी होती. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

नाव खोडलं. एक काल्पनिक नाव टाकलं. पुन्हा गोविंदसिंग. बरोबरच आहे. सहा दारांवर त्यांचं नाव नानीबाईंनी सांगितलं. सांगू दिलं मी.

१८ फेब्रुवारी

सातवं दार. दुपारी दोनच्या सुमाराला.

त्यांना विचारलं, तुमचं नाव काय. हसल्या. ओठ हलले. म्हणाल्या, होतं बाई काही तरी.

बाबा जेवणातून उठताना कोलमडले. किसनसिंगने सावरलं. श्वास आहे. पाय दोन्ही गार, गुडघ्यापर्यंत. पाणी गरम करून शेकतोय, गारठा उतरत नाही.

मोकळी जागा भरायला बाबांची सही थोडीच लागते. दारं बोललेलं नाव ऐकूनच उघडतात, मोठ्यानं वाचलं की झालं. आणि वाचणारी इथे मीच.

मी आईला ‘काढ’ म्हणाले होते. आता कुणाला म्हणणार नाही.

१९ फेब्रुवारी

गोविंदसिंग खोडून तिथे माझं नाव लिहिलं. निता. शेजारी वडिलांचंही लिहिलं, रीत पाळायची तर पूर्ण. अर्धा तास बघत बसले. पुसलं गेलं नाही.

मग मोठ्यानं वाचलं. एकदाच.

चार सेकंद.

संध्याकाळी नानीबाईंनी अंगणातून हाक मारून किसनसिंगला विचारलं, "बाप कायले निजला बे दिवस असून?" त्यांच्या पायांत वाळे होते. मी ऐकले. बाबांचे पाय कोमट झालेत. किसनसिंग भिंतीला टेकून रडला.

२० फेब्रुवारी

चष्मा टेबलावर ठेवला होता. नाही. मोठ्या अक्षरांत लिहिते.

आईची अंगठी — बोटावर फिका पट्टा. घड्याळही —

बलिया, माळ आणि हासळी परत आले असं किसनसिंग म्हणाला. मला नीट दिसत नाही, पण किणकिण वाढली. नानीबाई भाकरी घेऊन आल्या, जवळ बसल्या. स्वतःच्या नावासकट सगळं आठवतं त्यांना. म्हणाल्या, आतमंधी लय थंडी हाय, स्वेटर घालून ठेव बाई. मग माझं डोकं मांडीवर घेतलं.

स्वेटर घातला. डोळा लागून उठले तर नव्हता.

२१

घुगरी. ओढणीसुद्धा. त्यांचं सगळं आलं. हे नीट नोंदवते, कारण हे एक काम बरोबर झालं.

माझं सहावं झालं. काय होतं ते —

भिंतीकडे उभी होते. किती वेळ, माहीत नाही. भिंत नव्हतीच.

मागची पानं चाळली. १९ तारखेला एक नाव आहे. अक्षर माझं. दोन अक्षरी. ओळखीचं वाटतं, वर्गातल्या कुणाचं असावं तसं —

त्या ओळीखाली आता मोकळी जागा दिसते. मी सोडलेली नाही. दुसऱ्या नावासाठी सोडतात तेवढी. जो हे वाचेल त्याच्या नावासाठी —

उद्याचं काम, एकच : किसनसिंगने वाचायला घ्यायच्या आधी ही वही चुलीत