करकोच्याचा पाय

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं. पक्षाघाताच्या झटक्याने गेलेला उजवा हात जरासा हलतो. बोलतात भरपूर, पण नेमका हवा तो शब्द सापडत नाही आणि भलतंच काहीतरी बाहेर पडतं. परवा सकाळपासून एकच धोशा, वाऱ्याचा डोळा लाव. मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. त्यांनी पेला भिरकावला.

आता म्हणतात, उंदराचं पिल्लू चावतंय. मी गादी झटकली, पलंगाखाली पिंजरा लावला. नर्सबाई म्हणाल्या, दादा, त्यात तुमचंच बोट अडकेल. अडकलं. डॉक्टर म्हणतात भ्रम आहे, गुंगीचं औषध वाढवू.

जेवताना ते इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायचे आणि शब्द ओळखायला लावायचे, तेव्हा तू घास तोंडात धरून ऐकायचीस आणि मी ताट उचलून पळायचो. आज तू इथे हवी होतीस. पण तुला सातवा महिना, उठायलासुद्धा बंदी, आणि फोन खालच्या मजल्यावर. येऊ नकोस. नुसतं सांग, काय करू.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, अण्णांना भ्रम नाही. शब्द सापडत नाही म्हणून ते त्याची जन्मकथा सांगताहेत. वाऱ्याचा डोळा म्हणजे खिडकी. विंडो हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ तोच. त्यांना वारा लागत होता आणि तू डोळ्यांत थेंब घातलेस.

उंदराचं पिल्लू म्हणजे मसल. दंडाचा गोळा कातडीखाली हलताना रोमन लोकांना उंदीर पळाल्यासारखा वाटला, म्हणून स्नायूला ते छोटा उंदीर म्हणू लागले. अण्णांचा कुठलातरी स्नायू दुखतोय. पिंजरा काढ आणि पत्र मिळताच डॉक्टरांना हातपाय तपासायला लाव. गुंगीचं औषध देऊ नको.

विस्तव झाका म्हणाले तर निजायची वेळ झाली समज. कर्फ्यूचा मूळ अर्थ तोच, चूल झाका. मी इथे छताकडे बघत सगळं आठवून ठेवते. तू विचारत जा.

पोस्टमनची वाट बघत पडून आहे. पत्राला आळस केलास तर कान तिथूनच पिरगाळीन.

तुझी,
ताई

२६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच अण्णांची पोटरी सुजून लाल झाली. रक्ताची गुठळी होती. ते सांगत होते आणि मी उंदीर शोधत होतो. दवाखान्यात ठेवलं, पाय वाचला. पण डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, फार आशा धरू नका. मी तुझं पत्र त्यांना दाखवलं. त्यांनी वाचून घडी केली आणि मला परत दिलं.

आता मी जेवताना त्यांच्यापाशीच बसतो. बरंचसं कळतं. काल खिडकी पहिल्या फटक्यात लावली, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दहावीला पास झालो तेव्हाही मारली नव्हती.

एक मात्र अडलंय. रोज सकाळी विचारतात, करकोच्याचा पाय कधी येणार. नर्सबाईंनी त्यांना सपाता दाखवल्या, मी पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक आणलं. मान फिरवतात. परवा डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. लवकर कळव ताई, त्यांच्याकडे वेळ थोडा आहे.

तब्येत जप. तुझी माया आहे म्हणून निभतंय.

तुझा,
धाकटा

३ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तो शब्द पेडिग्री. जुन्या वंशावळीत आईबापाखाली मुलं दाखवायला तीन फाट्यांची खूण काढत. ती फ्रेंच लोकांना करकोच्याच्या पायासारखी दिसली, म्हणून वंशावळीचंच नाव तसं पडलं. अण्णा सपाता मागत नाहीत रे. नातवंड कधी येणार, असं विचारताहेत.

तुझं पत्र तुझे भावोजी माझ्याकडे दवाखान्यात घेऊन आले. बाळ सोमवारी गेलं. मुलगी होती. यांनी तुला तार करायचं म्हटलं, मीच नको म्हणाले. तार नेमकी अण्णांच्या हातात पडली असती.

अण्णांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूही काही सांगू नकोस. विचारलं तर मान हलव, ते समजतील ते समजू दे.

आता मला प्रवासाची मनाई नाही. यांच्याबरोबर रविवारच्या सकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, त्यांच्यापाशीच बस.

तुझी,
ताई